अप्पांना बसवायचं होतं

माझे यजमान एका सोमवारी सकाळी डबा घेऊन ऑफिसला गेले. दुपारी त्यांच्या ऑफिसातून फोन आला. संध्याकाळी त्यांना विश्रामघाटावर, इथल्या स्मशानात, नेलं. म्हणजे पुरुषांनी नेलं. मी घरी होते. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या जागेवर मला अनुकंपा नियुक्ती मिळाली.

ते भोपाळच्या नगर निगमात, म्हणजे महापालिकेत, होते. कुणी विचारलं तर ‘आरोग्य विभागात’ एवढंच सांगत, आणि मीही तेच सांगत आले होते. रुजू व्हायला गेले तेव्हा कळलं की त्यांच्याकडे शहरातल्या सरकारी दफनभूमींचं काम होतं. त्यांचं टेबल तसंच ठेवलेलं होतं. काचेखाली आमच्या मुलीचा शाळेतला फोटो होता. बडे बाबू म्हणाले, “मॅडम, तुम्हाला नको असेल तर जन्म-नोंदणीत जागा बघू.” मी उज्जैनची, मराठी घेऊन एम. ए. झालेली, लग्नानंतर अशोका गार्डनच्या घराबाहेर फार न पडलेली बाई. जन्म-नोंदणी मला शोभली असती. पण ज्या खुर्चीवर ते रोज बसत होते ती समोर होती. मी तिच्यावर बसले, आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच होते.

आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा, असं संपादकांनी गेल्या वर्षीही सांगितलं होतं. दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय लोकांच्या घशाखाली उतरेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, लोक चकली बाजूला ठेवून वाचतील. तेव्हा चकली बाजूला ठेवावी.

हिंदू घरांचा दफनभूमीशी काय संबंध, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. संबंध आहे. तान्ह्या मुलांना आपण जाळत नाही. साधू, गोसावी, नाथपंथी, लिंगायत यांच्यात माती देतात. ज्यांचं कुणी आलंच नाही अशांना पोलीस घेऊन येतात, त्यांतल्याही काहींना माती मिळते. मुसलमानांची कब्रस्तानं त्यांच्या कमिट्या बघतात, ख्रिश्चनांची त्यांची चर्चं बघतात. या सगळ्यांतून जे उरतात ते निगमकडे येतात. शहराच्या कडेला, रेल्वेलाईनच्या पलीकडे आमची मोठी जमीन होती. माझं काम तिथली जागा नेमून देणं, खणणारी माणसं आणि पाणी यांची सोय करणं, कुंपण टिकवणं. पावसाळा हा आमचा परीक्षेचा काळ. काळी माती पाण्यानं बसते, खड्डे खचतात, मग पुन्हा भर घालावी लागते. म्हणून जूनच्या आत काही खड्डे आधीच खणून त्यांच्यावर पत्रे टाकून ठेवतात. कुणासाठी, ते तेव्हा ठाऊक नसतं. पहिल्या वर्षी ते पत्र्यांनी झाकलेले खड्डे बघून मी घरी आले आणि जेवले नाही. दुसऱ्या वर्षी मी पत्रे कमी पडताहेत म्हणून भांडले.

घरी सासूबाई होत्या. मी संध्याकाळी आले की दारातच बादली ठेवलेली असे. अंघोळ केल्याशिवाय आत पाऊल नाही. डिसेंबरात माझी सर्दी हटेना. एक दिवस त्या स्वतःच म्हणाल्या, “पगार मिळतो ना तिथे? मग ते ऑफिस. ऑफिसातून आल्यावर पाय धुतले की पुरे.” धर्मशास्त्राचा एवढा स्वच्छ निकाल मी दुसरीकडे वाचलेला नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येत. एक गृहस्थ आपल्या कुत्र्यासाठी जागा मागायला आले आणि नियमात बसत नाही म्हटल्यावर त्यांनी मला विचारलं, तो नाथपंथी होता असं लिहून दिलं तर? एका नेत्याच्या भाच्याला लग्नाच्या गाड्या लावायला मैदान हवं होतं. “एकच दिवसाचा प्रश्न आहे,” तो म्हणाला. मी म्हटलं, इथे आलेला कुणीच एका दिवसासाठी येत नाही. तो परत आला नाही.

पण सगळे असे नसत. तान्हं मूल घेऊन बाप येत, बहुतेक रिक्षातून, कापडात गुंडाळलेलं, मांडीवर धरलेलं. आया येत नाहीत. तशी रीत आहे. त्या बापांना कुठे बसावं हेही कळत नसे. तिथला खणणारा शफीकभाई अशा वेळी आपला गमछा झटकून ओट्यावर अंथरून देई आणि लांब जाऊन काम करत राही. तो उंच, सडपातळ, दात पानाने रंगलेला माणूस. यजमानांच्या वेळेपासून तिथे होता, म्हणून मला मॅडम न म्हणता भाभी म्हणे. त्याच्याबरोबर चार शब्द बोलल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नसे, पण ते चार शब्द नेहमी मातीबद्दल असत. ओली आहे, भुसभुशीत आहे, खाली दगड लागला. त्याच्या हातचा खड्डा बघायला मला आवडत असे, हे लिहायला संकोच वाटतो, पण खरं आहे. कडा सुरीने कापल्यासारख्या. कुणी बघणार नाही अशा ठिकाणी इतकं नीट काम करणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

अनेकांबद्दल लिहिता येईल. मी एकांबद्दलच लिहिणार आहे.

मे महिना होता. ऑफिस उघडल्या उघडल्या फोन आला. बाई मराठीत बोलत होत्या, स्वच्छ पण घाईघाईने. नाव उमा. साकेत नगरच्या मोठ्या रुग्णालयाजवळ एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे, वडील काल दुपारी गेले, आम्ही लिंगायत आहोत, आम्हाला जागा मिळेल का. मी हो म्हटलं. मग तिने विचारलं, “बसवून पुरायची सोय आहे का?” मी त्यालाही हो म्हटलं. तशी वेळ माझ्या नोकरीत आली नव्हती, पण जमीन होती आणि शफीकभाई होता. तेव्हा ती म्हणाली, “ते ताठ झालेत, मॅडम. त्यांना आडवं ठेवलंय.”

मी त्यांच्या घरी गेले. अयोध्या नगरातलं दुमजली घर. उमाचे वडील, अप्पा, मूळचे उदगीरकडचे. मोठ्या कारखान्यात तंत्रज्ञ म्हणून आले, तिथेच निवृत्त झाले आणि भोपाळचे होऊन राहिले. आदल्या दुपारी ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले. उमा कामावर, मुलगा वीरेश बेंगळुरूला. घरात त्यांची बायको, आक्का, एकटी. शेजारी धावत आले, आणि धावून येणाऱ्या माणसांनी जे करायचं ते सगळं त्यांनी केलं. कॉलनीच्या समितीचे सचिव दुबेजी यांनी फोन करून काचेच्या झाकणाची शीतपेटी मागवली, अप्पांना खुर्चीतून उचललं, हातपाय सरळ केले, पेटीत निजवलं. बायकांनी आक्कांना आतल्या खोलीत नेलं. उमा आली तेव्हा पेटी सुरू होती. तिनेही त्या क्षणी वडील पाहिले, ते कसे ठेवलेत ते पाहिलं नाही. संध्याकाळी तिने उदगीरच्या त्यांच्या जंगम स्वामींना फोन लावला, विधी कसे करायचे ते विचारायला. स्वामींचा पहिला प्रश्न होता, बसवलंय ना?

लिंगायतांत माणूस गेला की लगेच त्याला मांडी घालून बसवतात. देह सैल असतो तोवरच ते जमतं. मग तो तसाच ताठ होतो आणि तसाच, बसलेला, जमिनीत खणलेल्या कोनाड्यात ठेवला जातो. डाव्या हातात त्याचं इष्टलिंग, जन्मभर गळ्यात बाळगलेलं. उदगीरला हे शेजारच्या पोरालाही ठाऊक असतं. अयोध्या नगरात कुणालाच ठाऊक नव्हतं. जे झालं ते माया करणाऱ्यांच्या हातून झालं होतं.

मी पोचले तेव्हा बाहेर मंडपात पुरुष, आत बायका. मला दोन्हीकडे जाता येत होतं. या नोकरीने मला एवढी एक मोकळीक दिली होती. दुबेजींनी मला बाजूला घेतलं. विश्रामघाटाची गाडी सांगून ठेवली आहे, लाकडाचं झालं आहे, मुलगा दुपारपर्यंत पोचेल, उन्हाळ्यात थांबणं बरं नाही, असं सगळं त्यांनी समजुतीने सांगितलं. “मॅडम, अब इस हालत में बैठेंगे कैसे? आप ही समझाइए भाभीजी को.”

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी आत गेले. आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. लहानखुऱ्या, कपाळावर विभूतीचे पट्टे. मी कोण ते उमाने सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला आधी बसायला सांगितलं, पाणी द्यायला लावलं. मग मी विचारलं, आडवं ठेवून माती दिली तर चालेल का. माझ्या कामात हा प्रश्न विचारावा लागतो. चालेल असं पुष्कळदा लोक म्हणतात, आणि मग सगळ्यांचीच सुटका होते.

आक्का म्हणाल्या, “आडवं घातलं तर झोपल्यावानी व्हतंय. आमच्यात माणूस झोपत न्हाई बाई. पूजेला बसतंय. ह्यांनी एक दिवस पूजा चुकवली न्हाई, आन शेवटाला मी त्यास्नी झोपवून धाडू?”

मग उमाकडे वळून त्या म्हणाल्या, “तू लोकांचे आखडलेले गुडघे मोकळे करतीस की. बापाचे कर.”

उमा उठून पेटीजवळ गेली, झाकणावर हात ठेवून उभी राहिली. परत आली तेव्हा तिने केस वर बांधले होते. मला म्हणाली, दुपारपर्यंतचा वेळ द्या, आणि गरम पाणी लागेल, पुष्कळ. गरम पाण्याने अंघोळ घालायचीच असते. तीच अंघोळ जरा लांबेल, एवढंच. जमेल का, असं मी विचारलं. ती म्हणाली, “जिवंत माणसावर जमतं. हे मी कधी केलेलं नाही.”

मी बाहेर येऊन दुबेजींना सांगितलं. त्यांनी फोन काढला आणि विश्रामघाटाची गाडी नको म्हणून सांगितलं. त्यानंतर त्यांनी गल्लीतल्या घराघरांत निरोप दिला, आणि मे महिन्याच्या उन्हात घराघरांतून कढत पाण्याच्या बादल्या यायला लागल्या.

शफीकभाईला मी आधीच फोन केला होता. अप्पांच्या गावची रीत अशी की खड्डा मृताच्या पावलांनी मोजायचा. आक्कांनी अप्पांची चप्पल काढून दिली. ती मी ऑफिसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवली आणि शफीकभाईला समजावलं. चौकोनी खोल खड्डा, आणि आतल्या एका भिंतीत कोनाडा, माणूस बसेल एवढा. तो म्हणाला, “अरे भाभी, ये तो अपनी बगली हुई.” मुसलमानांतही काही कबरींना आतल्या बाजूला अशी खोबण काढतात, तिला ते बगली म्हणतात. “बस, अपने लेटते हैं, ये मियां बैठे रहेंगे.” तासाभराने त्याचाच फोन आला, खाली दगड लागला आहे. जागा बदलू का, मी विचारलं. “काहे को? आधा तो हो गया. छेनी मंगाई है. तुम उधर का देखो.”

उधरचं मी पाहिलं, कारण उमाने मला तिथे थांबवलं. पाठीला आधार द्यायला कुणीतरी हवं होतं, आणि आक्कांचे हात पाणी घालण्यात होते. खोलीत आम्ही तिघी आणि पेटीतून बाहेर काढलेले अप्पा. गरम पाण्यात बुडवलेले टॉवेल खांद्यांवर, कंबरेवर, गुडघ्यांवर. टॉवेल गार झाला की दुसरा. उमा आधी बोटं, मग मनगट, मग कोपर असं करत होती. अंगठ्यांनी दाबायची, थांबायची, पुन्हा दाबायची. घाई नाही. मी माझ्या यजमानांना अंघोळ घातली नव्हती. तेव्हा पुरुषांनीच सगळं केलं होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मेलेल्या माणसाला हात लावण्याची माझी ती पहिली वेळ. माझ्या तळव्याला अप्पांची पाठ लागली होती. ती आधी फळीसारखी गार होती आणि हळूहळू पाण्याच्या उबेची झाली.

कंबर हलेना. उमाने पुष्कळ वेळ प्रयत्न केला. आक्का पाणी घालायच्या थांबल्या. बाहेर वीरेश आल्याचा आवाज आला; कुणीतरी त्याला दाराशी आणलं, तो तिथेच उभा राहिला. उमाने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने एक हात वडिलांच्या गुडघ्याखाली घातला, दुसरा मांडीवर ठेवला आणि ती त्यांच्याशी बोलली, आपल्या पेशंटशी रोज ज्या आवाजात बोलत असेल त्याच आवाजात. “अप्पा, सैल सोडा. तुम्ही जोर लावू नका, मी करते. थोडंच राहिलंय.”

वीरेश आत आला. बूट काढायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. तो माझ्या जागी पाठीमागे बसला आणि त्याने वडिलांना दोन्ही हातांनी आपल्या छातीशी धरलं. मग ती दोघं मिळून करत राहिली. ते कधी झालं, नेमकं कोणत्या क्षणी, मला सांगता येणार नाही. आक्कांच्या हातातला तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला म्हणून मी पाहिलं. अप्पा बसले होते. मांडी पूर्ण जमली नव्हती, एक गुडघा जरा वर राहिला होता. आक्का जवळ गेल्या, त्यांनी तो गुडघा चोळला आणि म्हणाल्या, “तो असाच असायचा. कारखान्यात पडले व्हते तवापासनं.”

न्यायचं कशावर, हा प्रश्न दुबेजींनी सोडवला. तिरडी चालणार नाही म्हटल्यावर ते घरी गेले आणि आपल्या दिवाणखान्यातली हातांची लाकडी खुर्ची घेऊन आले. त्यांच्या मागून त्यांची पत्नी, “सोफा-सेट की है जी,” एवढंच म्हणत. मग तिनेच खुर्चीला झेंडूच्या माळा बांधल्या. अप्पा खुर्चीत बसून, शहराकडे बघत, निगमच्या उघड्या गाडीतून गेले. सिग्नलला एका माणसाने त्यांना नमस्कार केला. कुणी महाराज चालले आहेत असं त्याला वाटलं असावं.

दफनभूमीत शफीकभाई वाट बघत होता. हात कोपरापर्यंत पांढरे, दगडाच्या भुकटीने. वीरेशने मोबाइलवर स्वामींना व्हिडिओ कॉल लावला होता. स्वामींनी आधी जागा दाखवायला सांगितली. खड्ड्यात कोण उतरणार म्हणून सगळे एकमेकांकडे बघू लागले, तेव्हा शफीकभाईने फोन हातात घेतला आणि तो खाली उतरला. भाडेकरूला घर दाखवावं तसा तो एकेक भिंत दाखवू लागला. “ये देखिए महाराज, ये सामने की दीवार. ये बगली. ऊपर से पत्थर है, पानी नहीं आएगा. बारिश की गारंटी अपन देते हैं.” उदगीरहून आवाज आला, “कोरडं आहे. चांगलं आहे. बसवा.”

अप्पांना खाली वीरेशने आणि शफीकभाईने उतरवलं. डाव्या तळहातावर लिंग, भोवती विभूती, आणि आमच्याच आवारातल्या झाडाची बेलाची पानं. बायका मागे थांबल्या होत्या. आक्का थांबल्या नाहीत. कडेला बसून त्यांनी खाली पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग त्यांनी मूठभर माती घातली आणि शफीकभाईला म्हणाल्या, “बाबा, बेस बसवलास.” त्याला मराठी येत नव्हती. त्याने मान हलवली.

शहराचा कारभार म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी त्या दिवसाकडे बोट दाखवेन. निगमने दिली ती जमीन, गाडी आणि एका माणसाचा पगार. बाकीचं बादल्यांनी आणि छिन्नीने झालं. पण ती जमीन नसती तर बादल्या घेऊन लोक कुठे गेले असते?

पावसाळा संपल्यावर आक्का माझ्या ऑफिसात आल्या. वीरेश त्यांना बेंगळुरूला न्यायला बघत होता, उमाही जा म्हणत होती. त्यांचं एकच काम होतं. अप्पांच्या डाव्या अंगाची जागा त्यांना स्वतःसाठी हवी होती. ती मिळत असेल तर त्या भोपाळ सोडणार नव्हत्या. नसेल तर कुठे राहिलं तरी सारखंच.

मला नियम सांगावा लागला. सरकारी जमिनीत जागा राखून ठेवता येत नाही. ज्याला आधी लागेल त्याची. पक्कं बांधकाम नाही, नावाची पाटी नाही, आणि पुष्कळ वर्षांनी तीच माती दुसऱ्याला द्यायची. जमीन थोडी आणि माणसं अमाप, म्हणून तो नियम आहे, आणि तो योग्य आहे. हे सगळं मी आक्कांना सांगितलं. सांगताना माझे यजमान मनात होते. त्यांच्या अस्थी नर्मदेत सोडल्या. या शहरात मी जिथे जाऊन उभी राहीन अशी त्यांची हातभर जागा नाही. याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं.

आक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं. “मग उगा कशाला वाद,” म्हणाल्या आणि उठल्या. जाताना त्या दफनभूमीत जाऊन शफीकभाईला भेटून आल्या, असं मला नंतर कळलं.

त्यानंतर त्या कोपऱ्यात आणखी काही लिंगायत कुटुंबं आली; एकाने दुसऱ्याला सांगितलं असेल. जागा दाखवायला मी शफीकभाईला सांगे. एकदा अप्पांच्या शेजारचीच जागा एका कुटुंबाला सोयीची होती. शफीकभाईने पहार आपटून बघितली आणि मान हलवली. “यहाँ नहीं होगा, भाभी. नीचे पत्थर है.” त्याच दगडातून त्याने अप्पांचा कोनाडा काढला होता. मी त्या कुटुंबाला पलीकडची जागा दिली. पुढच्या वेळीही तिथे दगडच लागला. तो दगड किती मोठा आहे, हे मी त्याला विचारलं नाही.

आता मी निवृत्त आहे. माझ्या खुर्चीवर एक तरुण मुलगी आली आहे, तिला नियम पाठ आहेत. आक्का अयोध्या नगरातच राहतात. अप्पांच्या डाव्या अंगाला एका माणसाला बसता येईल एवढी जमीन मोकळी आहे.